घरबागेतील वनस्पतींची मराठी नावे आणि विषबाधेचा प्रश्न

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यालगतचे ‘कॉटन ग्रीन’ हे स्थलनाम नामशास्त्राच्या अभ्यासकाला उद्बोधक वाटण्यासारखे आहे. ‘ग्रीन’ म्हणजे मोकळे हिरवे मैदान. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या किल्ल्यातील मैदानावर कापसाच्या गाठी रचल्या जात. पुढे हा व्यापार कुलाब्याला गेला आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तो शिवडी-माझगाव येथील भराव घातलेल्या जमिनीवरील गोदामांत आला. जागा दोनदा बदलली, पण नाव व्यापाराबरोबर प्रवास करीत राहिले. ज्या भूमीला आज हे नाव आहे, तेथे मुळात ना कापसाचे शेत होते, ना हिरवे मैदान.

वनस्पतींच्या नावांचेही बहुधा असेच होते. रोप एका देशातून दुसऱ्या देशात जाते. त्याचे नाव कधी त्याच्याबरोबर जाते, कधी मागे राहते, तर कधी दुसऱ्याच रोपाला चिकटते. नावाच्या या प्रवासात अर्थाची काही हानी होणे भाषाशास्त्राच्या दृष्टीने नित्याचेच आहे. परंतु रोप विषारी असेल आणि त्या नावात त्याच्या विषाची सूचना असेल, तर ही हानी केवळ कोशकाराच्या चिंतेचा विषय राहत नाही. चाळीच्या गॅलरीतील कुंडीजवळ रांगणारे मूल, अथवा गोदामांच्या परिसरातून घरात येऊन-जाऊन असणारे मांजर, यांच्या जिवाशी तिचा संबंध येतो. मुले व पाळीव प्राणी असलेल्या घरी कोणती झाडे लावावीत हा प्रश्न सामान्यतः वनस्पतिशास्त्र वा वैद्यक यांच्या कक्षेतला मानला जातो. त्याला भाषेची एक बाजू आहे आणि ती उपेक्षणीय नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. परिसर आणि त्यातील वनस्पती

या प्रश्नाच्या विचारासाठी कॉटन ग्रीन व शिवडीचा परिसर सोयीचा आहे, कारण परदेशी शोभेच्या वनस्पती मुंबईत येण्याच्या इतिहासातील एक प्रकरण येथेच घडले. १८३० मध्ये स्थापन झालेल्या ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेची वनस्पतिबाग शिवडीला होती. १८६५ च्या सुमारास महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी ही जागा दफनभूमीसाठी घेतली. शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी ती हीच. भायखळ्याची व्हिक्टोरिया बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. त्यापूर्वीच, १८३९ मध्ये, जॉन ग्रॅहॅम यांनी मुंबई व तिच्या आसपास वाढणाऱ्या वनस्पतींची सूची प्रसिद्ध केली होती. अमेरिका, आफ्रिका व मादागास्कर येथील जी रोपे आज मराठी माणसाला आपल्या परसातलीच वाटतात, त्यांतील अनेक रोपांचा प्रसार अशा बागांच्या द्वारे झालेला आहे.

दुसरी गोष्ट लोकवस्तीची. गिरण्या, गोदी व कापसाची गोदामे यांच्या निमित्ताने येथे कोकणातून, घाटावरून आणि अन्य प्रांतांतून लोक आले. प्रत्येकाने आपल्या गावची वनस्पतिनामे बरोबर आणली. गावी ही नावे केवळ शब्द म्हणून शिकली जात नसत. गुरे कोणत्या झाडाला तोंड लावीत नाहीत, कोणता चीक डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही, कोणते फळ पिकल्यावर खाल्ले तरी चालते, हे सारे नावाबरोबरच मुलाला कळत असे. चाळीत जन्मलेल्या दुसऱ्या पिढीपर्यंत नाव पोहोचले, ज्ञान अर्धेमुर्धे पोहोचले. चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या उंच इमारतींतील तिसऱ्या-चौथ्या पिढीकडे पुष्कळदा नावही उरलेले नाही; कुंडीवर रोपवाटिकेने लावलेली चिठ्ठी तेवढी असते.

२. सूचना देणारी नावे

संस्कृत कोशपरंपरेत विषारी वनस्पतींच्या पर्यायनामांतून त्यांचे गुण सांगण्याची पद्धत दिसते. अमरकोशात करवीराच्या पर्यायांत ‘हयमारक’, म्हणजे घोड्याला मारणारा, हे नाव येते. धत्तुराच्या पर्यायांत ‘उन्मत्त’, ‘कितव’ आणि ‘धूर्त’ अशी नावे आहेत. पहिले नाव झाडाचा परिणाम सांगते. उरलेली दोन त्या झाडाचा उपयोग करणाऱ्या माणसांकडे बोट दाखवितात असे मानण्यास जागा आहे. धोतऱ्याच्या बिया अन्नात घालून माणसाला बेशुद्ध करावयाचे व लुटावयाचे, हा प्रकार गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात वर्णिला आहे. हेच ओर्ता काही काळ मुंबई बेटाचे पट्टेदार होते, ही गोष्ट येथे सहज आठवते.

आता या नावांचे मराठीत काय झाले ते पाहावे. ‘करवीर’, प्राकृत ‘कणवीर’ या मालिकेतून ‘कण्हेर’ आला. ‘हयमारक’ कोशातच राहिला. ‘धत्तूर’ पासून ‘धोतरा’ झाला. ‘उन्मत्त’ वैद्यांच्या पोथीबाहेर पडला नाही. ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांनी जे नाव बोलीत उतरले, ते बोलणाऱ्याच्या दृष्टीने अर्थशून्य होते. ज्या नावात सूचना होती ते बोलीत उतरले नाही. तरीही मराठी समाजात या झाडांविषयी सावधगिरी टिकली, ती नावामुळे नव्हे, रूढीमुळे. धोतरा, कण्हेर आणि रुई ही देवपूजेची झाडे आहेत. धोतऱ्याचे फूल शंकराला वाहावयाचे, रुईच्या पानांची माळ मारुतीला घालावयाची; फुले देवाला, खाण्याचा संबंध नाही, हा संकेत मुलाला लहानपणापासून मिळत असे. रूढी सैल झाली आणि कण्हेर रस्त्याच्या दुभाजकावर व इमारतीच्या आवारात केवळ शोभेसाठी लावली जाऊ लागली, तेव्हा हा संकेतही सुटला.

कण्हेरीच्या सर्व भागांत हृदयाच्या स्पंदनावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड द्रव्ये असतात. पान चघळल्यास प्रथम मळमळ व उलट्या होतात आणि नंतर हृदयाची लय बिघडते. कडू चवीमुळे मूल सहसा पुष्कळ खात नाही, परंतु जनावराच्या बाबतीत तेवढा भरवसा धरता येत नाही. वाळलेल्या पानांचा कडूपणा कमी होतो, विष मात्र राहते. म्हणून छाटलेल्या फांद्या आवारात पडू देणे हे उभ्या झाडाइतकेच, किंबहुना अधिक, धोक्याचे असते.

ज्या थोड्या वनस्पतींची सूचक नावे मराठीत जिवंत आहेत, त्यांत ‘कळलावी’ हे नाव विशेष विचार करण्याजोगे आहे. ‘कळ’ या शब्दाचे मराठीत निदान दोन अर्थ आहेत : वेदना आणि भांडण. संस्कृत निघंटूंत या वेलीला ‘कलिहारी’ आणि ‘गर्भनुत्’ अशी नावे आहेत. प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी तिच्या कंदाचा उपयोग होत असे, ही गोष्ट दुसऱ्या नावावरून स्पष्ट होते. मराठी नावात हाच वेदनावाचक अर्थ असावा. परंतु आज ‘कळलाव्या’ म्हटले की भांडण लावणारा माणूस डोळ्यांपुढे येतो आणि ही वेल घरात ठेवल्यास भांडणे लागतात असा समजही ग्रामीण भागात आढळतो. म्हणजे सूचना शिल्लक राहिली, पण तिचा विषय बदलला. ज्वाळेसारख्या पाकळ्यांमुळे ही वेल बागेत हौसेने लावली जाते. तिच्या कंदात कोल्चिसीन हे तीव्र विष असते, आणि रताळ्यासारखा किंवा कणगरासारखा समजून तो कंद खाल्ला गेल्यास प्राणावर बेतते. भांडणाच्या भीतीने वेल घराबाहेर ठेवणारी आजी परिणामाच्या दृष्टीने योग्यच वागत होती. तो समज हास्यास्पद मानून वेल घरात आणणाऱ्या नातवाला त्यामागचे कारण कोणी सांगितलेले नसते.

‘घाणेरी’ हे नाव याहून सरळ आहे. अमेरिकेतून शोभेचे झुडूप म्हणून आलेली ही वनस्पती येथे रानोमाळ पसरली. मराठीने तिच्या परदेशी नावाची पर्वा न करता पानांच्या वासावरून तिला नवे नाव दिले. तिच्या पाल्याने गुरांच्या यकृताला इजा होते, आणि हिरवी, कच्ची फळे मुलांनी खाऊ नयेत. नव्या वनस्पतीला अनुभवाने नाव देण्याची शक्ती भाषेत असते, याचे हे उदाहरण होय. ही शक्ती अलीकडे का क्षीण झाली, हे पुढे पाहू.

३. एक नाव, अनेक वनस्पती

कॉटन ग्रीनच्या गोदामात ‘रुई’ म्हणजे सरकी काढलेला कापूस. मारुतीच्या देवळापुढे ‘रुई’ म्हणजे पांढऱ्या चिकाचे झुडूप. येथे घोटाळा होत नाही, कारण प्रसंगावरून अर्थ कळतो. घोटाळा होतो तो एकाच प्रसंगी दोन्ही अर्थ संभवतात तेव्हा, आणि बागेच्या बाबतीत तो प्रसंग म्हणजे रोपाची खरेदी.

याचे सर्वांत गंभीर उदाहरण ‘लिली’ हा शब्द आहे. दादरच्या फूलबाजारात लिली म्हणजे हार-वेण्यांत गुंफल्या जाणाऱ्या लांबट पांढऱ्या कळ्या. कुंडीतली पावसाळी लिली ही निराळी वनस्पती आहे. घरात सावलीला ठेवण्याची ‘पीस लिली’ अळूच्या कुलातली आहे. समारंभाच्या पुष्पगुच्छातील मोठ्या, सुगंधी फुलांची लिली ही ‘लिलियम’ या प्रजातीतली. या चौघींचे वनस्पतिशास्त्रीय नाते दूरचे आहे आणि विषाचे स्वरूपही भिन्न आहे. पहिल्या दोहोंच्या कंदांनी उलट्या होतात. पीस लिलीने तोंडाची आग होते. पण लिलियमचे पान, पाकळी, अंगावर पडून चाटले गेलेले पराग, इतकेच काय, फुलदाणीतील पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडे एक ते तीन दिवसांत निकामी करू शकते. ‘हेमेरोकॅलिस’ या, डे-लिली म्हणून विकल्या जाणाऱ्या वनस्पतीचाही मांजरावर असाच परिणाम होतो. माणसाला वा कुत्र्याला यापासून असा धोका नसल्यामुळे घरातील कोणालाच शंका येत नाही. ‘लिली चालते का?’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. कोणती लिली आणि कोणासाठी, हे दोन उपप्रश्न आधी विचारावे लागतात.

‘नाइट जास्मिन’ या इंग्रजी व्यापारी नावाचा प्रकार याच जातीचा आहे. या नावाखाली कधी पारिजातक मिळतो, कधी रातराणी. पारिजातकाचा धोका नगण्य आहे. रातराणी ही धोतरा व वांगे यांच्या कुलातील असून तिची फळे व पाने विषारी आहेत. मराठीत हा भेद स्वच्छ आहे, आणि ‘पारिजातक’ व ‘रातराणी’ यांत गल्लत करणारा मराठी माणूस विरळा. येथे भाषेने केलेला भेद परक्या नावाच्या आवरणाखाली पुसला जातो.

‘एरंड’ या शब्दाची कथा वेगळी आहे. एरंडाच्या बियांत रायसिन हे अत्यंत तीव्र विष असते, आणि एरंडेलामुळे मराठी कुटुंबांना या झाडाचा निदान धाक तरी परिचित आहे. अमेरिकेतून आलेल्या दुसऱ्या एका झुडपाला मराठीने सादृश्यावरून ‘मोगली एरंड’ असे नाव दिले. हे नाव दुय्यम असले तरी उपयुक्त आहे, कारण त्यातील ‘एरंड’ हे पद ऐकणाऱ्याला सावध करते. पण याच झुडपाचे दुसरे नाव ‘चंद्रज्योत’. बियांच्या तेलाचा दिवा जळतो, यावरून हे नाव आले असावे. नाव मधुर, बियांची चवही शेंगदाण्यासारखी. शाळेच्या आवारातील अथवा कुंपणावरील चंद्रज्योतीच्या बिया खाल्ल्याने मुलांना उलट्या-जुलाब होऊन रुग्णालयात न्यावे लागल्याच्या बातम्या महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत वारंवार येतात. उपचार वेळेवर मिळाल्यास मुले बहुधा बरी होतात. मात्र प्रत्येक वेळी एकच गोष्ट दिसते : मुलांना ते झाड विषारी असल्याचे ठाऊक नव्हते. इसवी सन २००० नंतरच्या दशकात जैवइंधनासाठी या झाडाचा मोठा पुरस्कार झाला, तेव्हा कुंपणावरची त्याची संख्या वाढली, परंतु त्याच्या दोन नावांपैकी कोणते मुलांपर्यंत पोहोचवावे याचा विचार झाल्याचे दिसत नाही.

पिवळ्या कण्हेरीचेही असेच आहे. ‘पिवळी कण्हेर’ म्हटल्यास झाडाचे नाते आणि धोका दोन्ही कळतात. ‘बिट्टी’ म्हटल्यास काहीच कळत नाही. तिची त्रिकोणी, टणक बी मुलांच्या हाती खेळणे म्हणून सहज जाते. इंग्रजीत तर या बीला ‘दैववान बी’ अशा अर्थाचे नाव मिळाले आहे. वस्तुतः तिच्यातील हृद्विष तांबड्या-पांढऱ्या कण्हेरीच्या विषाहून सौम्य नाही, आणि थोड्या बियाही प्राणघातक ठरू शकतात.

४. रोप आले, नाव मागे राहिले

घाणेरीसारखे नाव घडण्यासाठी समाजाचा त्या वनस्पतीशी दीर्घ व प्रत्यक्ष सहवास लागतो. गेल्या काही दशकांत घरात आलेल्या शोभेच्या वनस्पतींना तो मिळाला नाही. त्या रोपवाटिकेतून थेट दिवाणखान्यात आल्या आणि चिठ्ठीवरचे लॅटिन वा इंग्रजी नाव तेवढे घेऊन आल्या.

‘डिफेनबेकिया’ हे याचे ठळक उदाहरण. व्हिएन्नाच्या शॉनब्रुन राजवाड्याच्या बागेतील योसेफ डिफेनबाख या माळ्याच्या नावावरून हे नाव पडले. रोपाच्या गुणाशी त्याचा काहीही संबंध नाही. वेस्ट इंडिजमधून इंग्रजीत आलेले या रोपाचे लोकनाम मात्र ‘मुके करणारा ऊस’ अशा अर्थाचे आहे, कारण त्याचा दांडा चावल्यास जीभ व घसा सुजून बोलणे बंद होते. म्हणजे ज्या समाजाला या रोपाचा सहवास होता, त्याने त्याला सूचक नाव दिले. मुंबईत रोप आले ते माळ्याचे नाव घेऊन. मुके करणारे नाव मागेच राहिले.

यात खेदाची गोष्ट ही की, ज्या ज्ञानाची येथे गरज होती, ते मराठी स्वयंपाकघरात पूर्वापार आहे. अळू खाजरे असते, ते चिंच वा आमसूल घातल्याशिवाय शिजवू नये, सुरण चिरताना हाताला तेल लावावे, या गोष्टी प्रत्येक सुगरण जाणते. अळू-सुरणातील कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक ही त्या खाजेची कारणे. डिफेनबेकिया, फिलोडेंड्रॉन, पीस लिली आणि घरोघरी बाटलीत वाढणारा मनी प्लँट ही सारी अळूच्याच कुलातील होत आणि त्यांच्यातही हेच स्फटिक असतात. कुत्र्याने वा मांजराने पान चावल्यास लाळ गळते, तोंड सुजते, प्राणी अन्न टाकतो. ‘हे शोभेचे खाजरे अळू आहे’ एवढे एक वाक्य चिठ्ठीवर असते, तर त्या घरातील कोणत्याही वडीलधाऱ्या बाईने कुंडी आपण होऊन उंचावर ठेवली असती.

‘अडेनियम’ हे रोप ‘वाळवंटातील गुलाब’ अशा अर्थाच्या इंग्रजी नावाने विकले जाते. ते गुलाबाच्या कुलातील नसून कण्हेरीच्या कुलातील आहे, आणि आफ्रिकेत त्याच्या रसाचा उपयोग बाणांना विष लावण्यासाठी होत आला आहे. ‘सागो पाम’ म्हणून मिळणारा सायकस हा पाम नव्हे, आणि उपवासाच्या साबुदाण्याशीही त्याचा संबंध नाही; आपला साबुदाणा कसावाच्या कंदापासून होतो. सायकसच्या बियांनी कुत्र्यांचे यकृत निकामी होते. नावातील खाद्यवाचक पदाने येथे थेट उलटा संदेश जातो.

५. मात्रा आणि भक्षक

विषारी व निर्विष अशी वनस्पतींची सरळ दुफळी करणे शास्त्राला धरून होणार नाही. कॉटन ग्रीनला ज्या पिकाने नाव दिले, त्या कापसाचेच पाहावे. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. रवंथ करणारी प्रौढ गुरे ते बऱ्याच प्रमाणात पचवितात, म्हणून सरकी हे दुभत्या जनावरांचे नामांकित खाद्य आहे. डुकरे, कोंबड्या, लहान वासरे व कुत्री यांना मात्र तीच सरकी घातक ठरू शकते. विष वनस्पतीत असते तितकेच ते खाणाऱ्याच्या शरीरधर्मावरही अवलंबून असते.

गुंजेचे उदाहरण मात्रेच्या दृष्टीने बोलके आहे. आठ गुंजांचा मासा व बारा मासे म्हणजे एक तोळा, या हिशेबाने सोनाराच्या तराजूत शतकानुशतके वावरलेली ही बी माळेतही ओवली जाते. तिच्या कठीण कवचामुळे अख्खी गिळलेली गुंज पुष्कळदा अपाय न करता बाहेर पडते. चावलेली, अथवा ओवण्यासाठी भोक पाडलेली गुंज मात्र आतील ॲब्रिन मोकळे करते. म्हणजे शोभेच्या वस्तूत रूपांतर झालेली बी वेलीवरच्या बीहून अधिक धोक्याची असते. गुंजांच्या माळा लहान मुलांच्या गळ्यात घालू नयेत हे यावरून उघड आहे.

सदाफुली हे याचे तिसरे रूप. मादागास्करहून आलेले हे रोप चाळीच्या प्रत्येक मजल्यावर दिसते. त्यातील अल्कलॉइड द्रव्यांपासून काढलेले व्हिन्क्रिस्टिन हे औषध मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर दिले जाते. कॉटन ग्रीनपासून जवळच असलेल्या परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात, जे १९४१ मध्ये सुरू झाले, अशा उपचारांची परंपरा आहे. पण ही द्रव्ये वैद्याच्या हाती मोजून दिली जातात तेव्हाच औषध होतात. ‘सदाफुली औषधी आहे’ या वाक्यावर विसंबून पाने चघळण्याचा प्रघात पडला आहे, तो त्याज्य मानला पाहिजे. ‘औषधी’ हा शब्द मराठीत ‘निर्धोक’ या अर्थाने वापरला जाऊ लागला आहे. हा अर्थविकार जितका अलीकडचा, तितकाच अनिष्ट आहे.

६. निवडीचे निकष

वरील विवेचनातून व्यवहारात उपयोगी पडतील असे काही निकष निघतात.

पहिला निकष असा की, रोप घेताना त्याची तीन नावे विचारावीत : विकणाऱ्याने दिलेले, मराठी लोकनाम असल्यास ते, आणि शास्त्रीय नाव. तिन्हींचा मेळ बसत नसेल तर ओळख पक्की नाही असे समजावे. शास्त्रीय नाव उच्चारायला अवघड असले तरी ते एकाच वनस्पतीचे असते. ‘लिली’ या शब्दाला जे साधत नाही ते त्याला साधते.

दुसरा निकष कुलाचा. मराठी विश्वकोशाने ‘करवीर कुल’, ‘एरंड कुल’, ‘सूरण कुल’ यांसारखी कुलनामे रूढ केली आहेत. ही परिभाषा केवळ विद्यार्थ्यांच्या परीक्षेसाठी नाही. अडेनियम करवीर कुलातील आहे एवढे कळले, तर पुढे काही सांगावे लागत नाही. शेर, काटेरी युफोर्बिया व पॉइन्सेटिया एरंड कुलातील आहेत असे कळले, तर त्यांच्या चिकाविषयी सावधगिरी आपोआप येते. यांतील शेराचा चीक डोळ्यांना विशेष घातक असून पॉइन्सेटियाची अपकीर्ती त्याच्या खऱ्या विषारीपणाहून मोठी आहे, हा तारतम्यभावही ध्यानात असावा.

तिसरा निकष घरातील माणसांचा व प्राण्यांचा. रांगणारे मूल जमिनीवरची बी तोंडात घालते. शाळकरी मूल खेळता खेळता फळ चाखते. मांजर पान चावते आणि अंगावरचे पराग चाटते. कुत्रे कंद उकरते. म्हणून बिया गाळणारी झाडे मुलांच्या घरी, लिलियम मांजरांच्या घरी, कंदवर्गीय रोपे व सायकस कुत्र्यांच्या घरी टाळावीत.

चौथी गोष्ट पर्यायांची. जास्वंद, मोगरा, जाई, जुई, अबोली, तेरडा, झिनिया, तुळस आणि कढीपत्ता ही रोपे मुलांच्या घरी निःशंक मनाने लावता येतील. गुलाबाचे काटे सोडल्यास त्यालाही हरकत नाही. सावलीच्या गॅलरीत अरेका पाम, नेचा आणि क्लोरोफायटम म्हणजे ‘स्पायडर प्लँट’ ही कुत्र्या-मांजरांनाही निर्धोक मानलेली आहेत. यांतील बहुतेक नावे मराठी माणसाला पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहेत, हा निव्वळ योगायोग मानता येणार नाही. ज्या रोपांचा सहवास दीर्घ, त्यांच्याविषयीचे ज्ञानही खात्रीचे.

प्रसंग ओढवल्यास तोंडातील अवशेष काढून तोंड धुवावे, चीक डोळ्यांत गेला असल्यास डोळे पुष्कळ पाण्याने धुवावेत, स्वतः होऊन उलटी करवू नये, आणि झाडाची फांदी, पान व फळ यांसह वैद्याकडे जावे. पाळीव प्राण्याच्या बाबतीतही विलंब करू नये. परळला १८८३ मध्ये स्थापन झालेले बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणिरुग्णालय या परिसराच्या हाकेच्या अंतरावर आहे. फांदी बरोबर नेण्याचे महत्त्व वरील सर्व विवेचनावरून कळून येईल. घाबरलेल्या माणसाने सांगितलेले नाव चुकीचे असू शकते, किंवा बरोबर असूनही वैद्याच्या बोलीत दुसऱ्याच वनस्पतीचे असू शकते. बचनाग म्हणजे हिमालयातील वत्सनाभ; परंतु काही ठिकाणी कळलावीलाही बचनागच म्हणतात. दोन्ही कंद विषारी, पण विषे भिन्न आणि उपचारही भिन्न.

समारोप

बोलींच्या सर्वेक्षणात वनस्पतिनामे बहुधा ध्वनिभेद दाखविण्यासाठी गोळा केली जातात, आणि नाव टिपले की काम संपले असे समजले जाते. नावाबरोबर झाडाचा नमुना, आणि सांगणाऱ्याने त्या झाडाविषयी दिलेली ताकीद, या दोन्ही गोष्टी नोंदल्या जाव्यात. ‘याला गुरे तोंड लावत नाहीत’, ‘याचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये’, ‘हे घरात लावू नये’ अशी वाक्ये नामाच्या अर्थाचाच भाग आहेत, आणि ती सांगणारी पिढी कॉटन ग्रीनसारख्या वस्त्यांतून झपाट्याने कमी होत आहे. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी दूर जावयाची आवश्यकता नाही. एखाद्या जुन्या चाळीची एक गॅलरी, तीतील कुंड्या आणि त्यांना पाणी घालणारी वृद्ध माणसे एवढी सामग्री आरंभाला पुरेशी आहे. अशा नोंदींतून नवी नावेही सुचू शकतील. डिफेनबेकियाला ‘खाजरे अळू’ या जातीचे एखादे मराठी नाव रूढ झाले, तर कोशात एका शब्दाची भर पडेल आणि त्या रोपाच्या शेजारी वाढणाऱ्या मुलाला ते नाव ऐकूनच हात मागे घेता येईल.